वाट्याला आलेली दुपार

७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, आणि त्यामागोमाग एक तक्रार. "समुद्र बघून झाला असेल तर आता परत ये" हे वाक्य तू कार्डावर इतक्या ठसठशीत अक्षरांत लिहिलंस, की पोस्टमनने कार्ड हातात देताना मला विचारलं, "मग, कधी निघताय?" पुढच्या वेळी पाकीट वापर.

नाही, बघून झालेला नाही. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे, रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे, असे फळ्यावर बाण काढून काढून माझा खांदा कामातून गेला. आणि एवढं करून समुद्र मी पाहिला होता तो फक्त निळ्या खडूचा. निवृत्त झाल्यावर तो एकदा धड बघावा आणि जमलं तर रंगवावा, एवढीच माझी हौस आहे. म्हणून तर सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ही खोली घेतली. खिडकीतून समुद्र दिसतो. मधे बर्फाचा कारखाना येतो, पण मान थोडी डावीकडे केली की भागतं.

आपलं काय ठरलंय ते मला पाठ आहे. इथल्या चित्रकार मंडळाचं प्रदर्शन जूनमध्ये असतं. त्यात माझं चित्र लागलं तर मी इथेच राहायचं आणि तू पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही लागलं तर मी ट्रंक बांधून मुकाट्याने तुझ्या मागच्या खोलीत यायचं. मी शब्द फिरवणार नाही, तूही फिरवू नकोस.

तर बातमी अशी, की मंडळाने मला सभासद करून घेतलं. आनंद व्हायच्या आत पुढचं ऐक. या मंडळात हवामान वाटून घेतलेलं आहे. थट्टा करत नाही. पूर्वी म्हणे सगळेच सूर्यास्त काढायचे. एका वर्षी प्रदर्शनाच्या चारही भिंतींवर नुसते सूर्यास्त लागले आणि कोणाचा सूर्य जास्त लाल यावरून हातघाईवर आले. तेव्हापासून ज्याचं हवामान त्याचं. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही.

सूर्यास्त अध्यक्षांकडे आहे. ते निवृत्त ड्रॉइंग मास्तर. पहाट पाववाल्याकडे आहे, कारण त्या वेळी तो एकटाच जागा असतो. धुकं दातांच्या डॉक्टरांकडे. पाऊस दोघी बहिणींत विभागलाय. थोरली रिमझिम काढते, धाकटी मुसळधार. त्या एकाच घरात राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. एकीने दुसरीची राखाडी रंगाची ट्यूब न विचारता वापरली, त्याला आता बरीच वर्षं झाली. आणि वादळ आहे बंदरावरच्या निवृत्त कप्तानांकडे.

मास्तरांनी मला विचारलं, "तुम्हाला काय हवं होतं?"

मी म्हटलं, "वादळ."

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी कोणाची बायको मागितली. मास्तर म्हणाले, "वादळ कप्तान असेपर्यंत कप्तानांचंच."

"मी कुठे चाललोय?" कप्तान म्हणाले.

शेवटी वही बघून मास्तरांनी सांगितलं, की एकच हवामान शिल्लक आहे. उन्हाळ्यातली दुपार, वारा पडलेला. मी विचारलं, त्यात काय असतं? ते म्हणाले, काहीच नसतं. मी विचारलं, हे आधी कोणाकडे होतं? तर एका पोस्टमास्तरांकडे होतं, आणि त्यांनी चित्रकलाच सोडून दिली.

मी भूगोलाचा आधार घेऊन सांगून पाहिलं, की दुपारी तर खारे वारे वाहतात, वारा पडेलच कसा? मास्तर म्हणाले, "बाई, ते पुस्तकात. इथे वारा जेवून येतो."

वहिनीला आशीर्वाद सांग.

तुझी
अक्का


१५ फेब्रुवारी

ती. अक्कास,

नमस्कार. पाकीट वापरलं आहे, बघून घे.

तुझं पत्र वाचून मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. उन्हाळ्यातली दुपार! आता जूनची काळजी नाही. मी मागच्या खोलीत तुझ्या पुस्तकांसाठी फळी ठोकून घेतली आहे. माझ्याकडे सागवानाचा एक चांगला तुकडा पडून होता.

अक्का, मी चित्रकार नसेन, पण इतकी वर्षं फ्रेमा करतोय. लोकांचे आजोबा, लोकांच्या पदव्या, लोकांची लग्नं, सगळं माझ्या हाताखालून काचेमागे गेलंय. माझा अनुभव असा, की चित्रात बघण्यासारखं काहीतरी असावं लागतं. मग ते घोडा असो की मंत्री. काहीच नसलेल्या चित्राला फ्रेम कुठली लावणार, तूच सांग. तेव्हा उन्हात डोळे जाळत बसू नकोस.

तुझ्या समुद्रकाठी दुपारी सगळे आळसावतात असं ऐकून आहे. आपल्याकडे ते चालत नाही. माझ्या दुकानाचं शटर दुपारी पडलेलं आजवर कोणी पाहिलेलं नाही. प्रकृती ठणठणीत आहे. तू नाहीस म्हणून घरात शांतता आहे, कामं भराभर उरकतात.

हे कप्तान कोण? घरी कोण कोण असतं त्यांच्या?

तुझा
धाकटा

ता. क. वन्सं, पाकीट मी चिकटवते, म्हणून चार ओळी घुसडते. त्यांना माहीत नाही. कामं कसली उरकतायत! तुम्ही गेल्यापासून ह्यांना रात्री झोप नाही. उठतात आणि तुमच्या खोलीत जाऊन बसतात. परवा विचारलं तर म्हणाले, फळी सरळ बसली का ते बघतोय. घरात त्यांच्याशी वाद घालायला कोणी उरलं नाही, हे खरं कारण आहे. मी सगळ्याला हो म्हणते, त्याने ते आणखी चिडतात. मी बोलले असं दाखवू नका.


१४ एप्रिल

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. प्रकृती ठणठणीत आहे हे वाचलं. तरी झोपण्याआधी पाय गार पाण्याने धूत जा. सहज सुचलं म्हणून लिहिते.

माझं हवामान सुरू झालं. जेवण झालं की छत्री, स्टूल आणि रंगाची पेटी घेऊन मी धक्क्यावर जाते. तिथे मी, एक कुत्रा आणि समुद्र. कुत्रा सावलीत असतो. समुद्र म्हणजे नवा पत्रा अंथरल्यासारखा, त्याला लाट नाही, रंग नाही. आभाळ कुठे संपलं आणि पाणी कुठे सुरू झालं हे शोधता शोधता डोळ्यांत पाणी येतं. होड्या किनाऱ्यावर लागलेल्या असतात आणि त्यांच्या मालकांचा पत्ता नसतो. रंग कागदावर पोचायच्या आत ब्रशवरच वाळतो. मास्तर बरोबर होते. काहीच नसतं.

पहिलं चित्र घेऊन मास्तरांकडे गेले. ते बराच वेळ बघत होते. मला वाटलं, आवडलं. मग म्हणाले, "कागद चांगला आहे. सुरुवात कधी करताय?"

त्यावर कडी म्हणजे दातांच्या डॉक्टरांनी मंडळाकडे माझ्याविरुद्ध लेखी तक्रार केली. म्हणे मी जे काढलंय ते दुपार नसून धुकं आहे आणि हे अतिक्रमण आहे. मी त्यांना रस्त्यात गाठून विचारलं, "डॉक्टर, धुकं गार असतं, हे गरम आहे, दिसत नाही का?" तर म्हणाले, "चित्राला हात लावून बघायचा का?" या माणसाचं काम केवढं सोपं! कागद कोरा ठेवला की निम्मं धुकं झालं, उरलेल्या अर्ध्यात एक होडी. आणि यंदा तर धुकं पडलंच नाही, तरी त्यांची दोन चित्रं तयार आहेत. आधी हवामान रुसलं की चित्रकार वाट बघत असे, असं मास्तर सांगतात. हल्ली कुठल्याच ऋतूचा भरवसा राहिला नाही, त्यामुळे सगळे आठवणीतून काढतात. फक्त माझी दुपार न चुकता रोज हजर होते.

काल रात्री मी ट्रंक उघडून बघितली, माझे सगळे कपडे त्यात मावतील का म्हणून. मावतात. मग मला फार वाईट वाटलं, आणि ते तुला सांगायला लाजत नाही. मला इथून जायचं नाही, धाकट्या. तुझ्या घरी मला काही कमी नव्हतं. पण तिथे मी सगळ्यांची अक्का असते. इथे मी मंडळातली दुपार आहे, वाईट का असेना.

म्हणून मी ठरवलंय, की कप्तानांच्या घरी जायचं आणि त्यांच्याकडे थोडं वादळ उसनं मागायचं. दुपारच्या शेवटी एखादा काळा ढग आला तर काय बिघडलं? माणूस भला वाटतो. विधुर आहे.

तुझी
अक्का


१९ एप्रिल

ती. अक्कास,

नमस्कार. घाईत लिहितो.

विधुर हा शब्द तू पत्राच्या अगदी शेवटी, सही करता करता लिहिलास. मला तेवढं कळतं. मी फ्रेमवाला आहे, चित्रात महत्त्वाची गोष्ट कोपऱ्यात असते हे मला माहीत आहे. कोणाच्याही घरी ढग मागायला एकटीने जाऊ नये. उत्तर ताबडतोब.

धाकटा

ता. क. वन्सं, जा बिनधास्त. मात्र जे होईल ते मला सविस्तर कळवा. पाय धुवायला बसवते आहे, पण ते बादली पुसत बसतात.


३ मे

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. ताबडतोब उत्तर द्यायला जमलं नाही, कारण मी कामात आहे. इतकी कामात आहे, की जेवायचंही विसरते.

कप्तानांकडे गेले. वेळ माझीच, म्हणजे दुपारची. दार सताड उघडं. आत कप्तान आरामखुर्चीत झोपलेले. तोंड उघडं, दुर्बीण पोटावर आणि पोटाबरोबर ती वर-खाली होतेय. मागच्या खिडकीत समुद्राची एक पांढरी पट्टी. ज्या माणसाच्या प्रत्येक चित्रात जहाज बुडायला आलेलं असतं, तो असा झोपला होता जणू आयुष्यात त्याला कोणी हाक मारलेलीच नाही. मी दोनदा खाकरले, भांडं पाडून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

मग म्हटलं, डॉक्टरांकडे तरी जाऊन तक्रारीचं मिटवावं. तर डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत आडवे, वरचा दिवा तोंडावर, आणि पेशंट बाकावर गाल धरून झोपलेला. पाववाला भट्टीपासून लांब, पिठाच्या पोत्यांवर, भुवयांसकट पांढरा. मास्तर शिकवणीच्या वर्गात टेबलावर डोकं ठेवून, हातात ब्रश तसाच, आणि ब्रशचा तांबडा रंग गालाला लागलेला.

आणि त्या दोघी बहिणी! त्यांनी घराच्या मधोमध कपाट उभं करून दोन भाग केलेत. पण दुपारी गारवा असतो फक्त मागच्या दाराच्या फरशीवर, आणि तेवढी फरशी एकच. तिथे दोघी आडव्या झाल्या होत्या, एकमेकींकडे पाठ करून. झोपेत धाकटी वळली होती आणि तिचा पाय थोरलीच्या पोटावर होता. थोरलीने तो पाय दोन्ही हातांनी धरला होता, लहान मूल धरतं तसा. मी दारात उभी राहिले आणि मला रडू आलं, धाकट्या. कशासाठी ते विचारू नकोस.

मी इतके दिवस पाण्याकडे बघत होते. दुपार पाण्यावर नव्हतीच! वारा पडला, की हे सगळं गाव पडतं. वादळ, पाऊस, सूर्यास्त, सगळ्यांचे मालक माझ्या हवामानात असतात आणि त्यांना ते माहीतही नसतं. पोस्टमास्तरांना हे कसं सुचलं नाही, याचं मला नवल वाटतं. बहुधा तेही झोपत असावेत.

आता रोज जेवणानंतर वही घेऊन निघते आणि दारादारांतून झोपलेली माणसं काढते. त्यांतून एक मोठं चित्र करायचंय. प्रत्येकाच्या मागे समुद्राची पट्टी. कप्तान सगळ्यांत छान झोपतात. त्यांच्याकडे मी तीनदा जाऊन आले.

तुझी
अक्का


९ मे

ती. अक्कास,

एका हातात तुझं पत्र धरून लिहितोय, त्यामुळे अक्षराला हसू नकोस.

माझी थोरली बहीण, जिच्या नावाने शाळेत पोरं चळचळ कापायची, ती भर दुपारी लोकांच्या घरांत शिरून झोपलेले पुरुष बघते. आणि त्यांत कोण छान झोपतो हे मला पत्राने कळवते. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मी त्याच्या आजोबांना उलटी काच बसवली.

दुसरं, हे चित्र मंडळ घेणार नाही. समुद्राच्या चित्रात समुद्र नको? पट्टी काय, पट्टी तर मी फ्रेमच्या आतल्या बाजूला लावतो. म्हणजे जूनला तू हरणारच आहेस, मग जूनपर्यंत थांबून शोभा कशाला? मी स्वतः न्यायला येतोय. ट्रंकेसाठी दोरी घेतली आहे, नवी आणि जाड. दिवस कळवत नाही, नाहीतर तू कोणाच्या तरी घरी ढग मागायला गेलेली असशील.

धाकटा

ता. क. वन्सं, खरंच निघतायत. आल्या आल्या भांडायला घेऊ नका, आधी बसू द्या. डोळ्यांखाली काळं झालंय. काल दोरीच्या गाठी मारून बघत उजाडेपर्यंत बसले होते.


२६ मे

ती. अक्कास,

नमस्कार. मी सुखरूप पोचलो.

परवाच्या भेटीबद्दल नोंद असावी म्हणून लिहितो. मी आलो, माझं म्हणणं स्पष्ट शब्दांत मांडलं, तुझ्या मंडळींशी चित्रकलेवर सविस्तर चर्चा केली आणि तुझा हट्ट बघून, जूनपर्यंत थांबायला माझी हरकत नाही असं ठरवून मी परत फिरलो. मधे प्रवासाच्या दगदगीने पाच मिनिटं डोळे मिटले असतील. त्याला झोप म्हणत नाहीत.

कप्तान बरे वाटले. दोरी राहिली तिकडेच. सवडीने पाठव.

धाकटा

ता. क. वन्सं, काय झालं तिकडे? चर्चा करून आले म्हणतात, पण गालावर दोरीचे वळ उमटलेले होते, पिळासकट. आणि घरी येऊन जेवताना चक्क भाजीला नावं ठेवली. मला फार बरं वाटलं. खरं काय ते लिहा, नाहीतर मीच बसने येते.


३१ मे

सौ. वहिनीस,

आशीर्वाद. हे पत्र तुझ्या नावाने आहे, त्याला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

माझं चित्र मी मंडळापुढे ठेवलं आणि एकच गलका झाला. गंमत अशी, की प्रत्येकाला दुसऱ्याचं चित्र हुबेहूब वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, कप्तान अगदी असेच घोरतात, पण मी दुपारी झोपत नाही, पेशंट बघतो. कप्तान म्हणाले, मी डोळे मिटून विचार करतो. रिमझिमबाई म्हणाल्या, ही बाई कोण आहे, माझ्या शेजारी कशाला काढलीये? मुसळधारबाईंनी तर आपला पायच ओळखायला नकार दिला. शेवटी मास्तर म्हणाले, हे हवामान नव्हे, ही माणसं आहेत. तरी न्यायाने वागू. तुमच्या खोलीवर भर दुपारी येतो, सगळे मिळून तुमचं हवामान तपासतो, मग निकाल देतो. निकाल विरुद्ध गेला तर चित्र नाही, आणि चित्र नाही तर ट्रंक.

तर ठरल्या दिवशी सगळे जेवून आले. खोली केवढीशी, ती भरली. मास्तर खिडकीत उभे राहून समुद्र तपासतात, एवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं. दारात तुझा नवरा, घामाघूम, खांद्यावर दोरी. मला म्हणतो, "ट्रंक कुठाय?" मी म्हटलं, "आधी बस." तुझं सांगणं लक्षात ठेवलं बघ.

बसला तो ट्रंकेवरच, ती कोणी पळवू नये म्हणून. मास्तरांना कळलं, की हा फ्रेमवाला आहे. ते म्हणाले, "वा, त्रयस्थ माणूस मिळाला, तुमचंही मत सांगा." मग काय विचारतेस! घसा साफ करून सुरू झाला. "चित्र म्हणजे, त्याचं असं आहे, चित्रात बघण्यासारखं काहीतरी…" वारा पडलेला. खाली सायकलवाल्याचं ठोकणं थांबलं. समुद्र पत्र्यासारखा. मी वारा घालायला पंखा आणू का विचारलं, तर कोणी उत्तर दिलं नाही. कप्तान झोपी गेले होते. त्यांच्या खांद्यावर डॉक्टर. पाववाला बसल्या जागी भिंतीला टेकून गेला. दोघी बहिणी दाराजवळच्या फरशीवर, कारण तिथेच गार लागतं. मास्तर सगळ्यांत शेवटपर्यंत टिकले, खिडकीचा गज धरून उभे होते. मग गज धरूनच खाली बसले.

आणि तुझा नवरा, "बघण्यासारखं काहीतरी…" एवढं दुसऱ्यांदा म्हणाला आणि दोरीच्या वेटोळ्यावर डोकं ठेवून ट्रंकेवर आडवा झाला. वहिनी, लहान असताना आई त्याला थोपटायची तेव्हा तो जसा एक हात गालाखाली घ्यायचा, तसाच घेतला. कपाळावरची आठी गेली. मी किती वेळ नुसती बघत बसले. मग वही उघडली आणि सगळी खोली काढायला घेतली. आयुष्यात इतकं भराभर मी कधी काढलं नसेल. हात चुकतच नव्हता.

पुढे वारा आला. मास्तर म्हणाले तसा जेवून, आरामात. माझे सगळे कागद खोलीभर उडाले आणि मंडळी जागी झाली. उठल्या उठल्या प्रत्येक जण दुसऱ्याला सांगू लागला, की मी जागाच होतो. एक कागद मास्तरांच्या मांडीवर पडला होता. त्यात तेच होते, गज धरून झोपलेले. त्यांनी तो बघितला, मग खोलीकडे बघितलं, मग गालावरची लाळ पुसली आणि म्हणाले, "दुपार आहे. मंजूर."

धाकटा ट्रंकेवरून उठला. स्वतःचा कागद हातात घेऊन उभा राहिला. विचारलं, "मी असा दिसतो?" मी म्हटलं, झोपेत असाच दिसतोस, लहानपणापासून. तो म्हणाला, "बरा दिसतो." मग कागदाची घडी न घालता शर्टाच्या आत ठेवून संध्याकाळच्या बसने गेला. ट्रंकेचं नावही काढलं नाही. दोरीवर मी कपडे वाळत घालतेय, परत मिळणार नाही म्हणून सांग.

तुझी
वन्सं


८ जून

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. चित्र लागलं.

मोठं, नवं, सगळी खोली असलेलं. जागा मिळाली चप्पल काढतात त्या कोपऱ्यात, पण लागलं. सूर्यास्तापुढे गर्दी होती, वादळापुढे लोक "बापरे" म्हणत होते. माझ्या चित्रापुढे लोक उभे राहायचे आणि जांभया द्यायचे. आधी मला अपमान वाटला. मग मास्तर म्हणाले, "माझा सूर्यास्त बघून आजवर कोणाला ऊन लागलेलं नाही." त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

दोघी बहिणी एकाच वेळी चित्रापुढे आल्या. मग थोरली म्हणाली, "तुझा पाय जड आहे." धाकटी म्हणाली, "मग सोडायचा होतास." एवढंच बोलणं झालं. पण कपाट आता थोडं भिंतीकडे सरकलंय, असं पाववाला सांगत होता.

तेव्हा ठरल्याप्रमाणे मी इथेच राहते, आणि तू विषय काढायचा नाहीस. मी मात्र एकदाच काढते. मागची खोली माझ्यासाठी रिकामी ठेवून तिच्यात जागत बसू नकोस. मला सगळं माहीत आहे. मलाही तिथली आठवण येते, तुझी तर रोज येते, विशेषतः कोणी माझं म्हणणं चटकन मान्य केलं की. ट्रंक खिडकीखाली आहे. वारा पडला की ये आणि तिच्यावर झोप.

तुझी
अक्का


२० जून

ती. अक्कास,

नमस्कार. अभिनंदन, हे आधी लिहितो, कारण नंतर भांडायचंय.

चप्पल काढतात त्या कोपऱ्यात चित्र लावणं हा शुद्ध फ्रेमचा दोष आहे. बारीक काळी पट्टी लावली असशील. मला विचारलं असतंस तर? पुढच्या वर्षीची फ्रेम मी करणार. मोठ्या चित्रात माझं तोंड उघडं आहे असं कप्तानांनी कळवलं. हो, त्यांचं पत्र आलं होतं, माणूस खरंच भला आहे. तरी ते तोंड बंद कर. माझ्याकडच्या कागदात बंद आहे, आणि तोच कागद खरा धरावा.

त्या कागदाला मी फ्रेम केली. पुस्तकांसाठी ठोकलेली सागवानाची फळी काढली, तिचीच केली. तुझ्या खोलीत, म्हणजे मागच्या खोलीत, पलंगासमोर लावली आहे. सरळ लागली की नाही ते बघायला दुपारी जरा आडवा झालो होतो. समोरून बघितल्याशिवाय कळत नाही. हल्ली रोज बघतो. वाकडी आहे की सरळ आहे अजून नक्की ठरत नाहीये, आणि ठरेपर्यंत

ता. क. वन्सं, वाक्य पुरं झालेलं नाही, कारण पेन हातात धरूनच झोपी गेले. दुकानाचं शटर खाली आहे, गिऱ्हाईक दार वाजवून परत गेलं. पाकीट मीच चिकटवते आहे, पण आज चोरून लिहीत नाही. समोर बसूनच लिहितेय. एक हात गालाखाली आहे.